फिट येणाऱ्या मुलाचा एमआरआय नॉर्मल आला, तरी तो पुन्हा का काढायचा?

नमस्कार. आपल्या ९ वर्षांच्या मुलाला दोन योग्य औषधे पूर्ण मात्रेत देऊनही फिट थांबत नाहीत, सोलापुरात काढलेला मेंदूचा एमआरआय नॉर्मल आहे, आणि तरीही पुण्याच्या मेंदूविकारतज्ज्ञांनी तो पुन्हा काढायला सांगितला आहे. हा खर्च खरोखर गरजेचा आहे का, असे आपण विचारले आहे. मी सोलापुरातच रेडिओलॉजिस्ट आहे. माझ्या मते तो गरजेचा आहे, मात्र पहिल्याच पद्धतीने पुन्हा काढला तर त्याचा उपयोग होणार नाही.

आपल्याकडे फिटसाठी पहिला एमआरआय काढतात तो बहुधा जंताची किंवा क्षयाची गाठ, ट्यूमर, जुनी इजा असे काही आहे का, हे पाहण्यासाठी. त्याला साधारण ५ मिलिमीटर जाडीचे काप, म्हणजे मेंदूची थराथराने घेतलेली चित्रे, पुरतात. परंतु बाळ पोटात असतानाच मेंदूचा बाहेरचा थर नीट घडला नसेल, तर तो दोष एखाद्या घडीच्या तळाशी काही मिलिमीटरांत दडलेला असू शकतो आणि जाड कापांतून सहज निसटतो. याचा एक महत्त्वाचा प्रकार म्हणजे फोकल कॉर्टिकल डिस्प्लेसिया, म्हणजे एखाद्याच जागी या थराची झालेली सदोष घडण. टेलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ साली त्याचे वर्णन केले, ते शस्त्रक्रियेत काढलेला मेंदूचा भाग सूक्ष्मदर्शकाखाली पाहून. एमआरआय तेव्हा नव्हताच. आज आम्ही त्याच्या खुणा चित्रात शोधतो: थर तेवढ्याच जागी जाड दिसतो, करड्या आणि पांढऱ्या भागांमधली सीमा पुसट होते, आणि कधी फ्लेअर या प्रकारच्या एमआरआय चित्रात एक पांढुरकी रेघ निमुळती होत मेंदूच्या आतल्या पोकळीपर्यंत जाते. डिस्प्लेसियाच्या पहिल्या प्रकारात मात्र यांपैकी काहीच दिसत नाही, असेही पुष्कळदा घडते.

म्हणून तपासणी अपस्माराच्या, म्हणजे फिटच्या आजाराच्या, प्रोटोकॉलनेच (त्यासाठी ठरवलेल्या पद्धतीनेच) करून घ्यावी. आंतरराष्ट्रीय अपस्मार संघटनेच्या तज्ज्ञांनी २०१९ मध्ये सुचवलेल्या पद्धतीत १ मिलिमीटरचे त्रिमितीय टी-१ आणि फ्लेअर, तसेच हिप्पोकॅम्पसला (स्मृतीशी संबंधित मेंदूच्या आतल्या भागाला) काटकोनात घेतलेले बारीक टी-२ काप असतात; टी-१ आणि टी-२ हेही एमआरआय चित्रांचेच प्रकार. ३ टेस्लाचे, म्हणजे अधिक ताकदीच्या चुंबकाचे, यंत्र मिळाल्यास उत्तम. पण यंत्र मोठे आणि काप जाड, असे होऊ देऊ नका.

एक गोष्ट मनापासून सांगतो. मंगळवेढ्याकडच्या एका मुलीचा एमआरआय मी नॉर्मल म्हणून दिला होता. चिठ्ठीवर फक्त ‘फिट’ एवढेच लिहिलेले होते. पुढे तिच्या आईने सांगितले की, दर वेळी आधी डावा हात उडतो. मग मी त्याच चित्रांत उजव्या बाजूचा, हात हलवणारा भाग पुन्हा पाहिला आणि तिथली पुसट सीमा मला दिसली. ती आधीही तिथेच होती. कुठे पाहायचे हे मला कळले नव्हते. तेव्हापासून आई-वडिलांशी बोलल्याशिवाय मी असा अहवाल लिहीत नाही.

आपणही फिटची सुरुवात कशी होते, मान कोणत्या बाजूला वळते, कोणता हात आधी उडतो हे लिहून न्यावे. शक्य असल्यास मोबाइलवर चित्रण करावे, ईईजीचा (मेंदूतील विद्युत लहरींच्या तपासणीचा) अहवाल आणि जुन्या एमआरआयची फिल्मच नव्हे तर सीडीही सोबत न्यावी. दोष सापडला आणि तो ईईजीशी जुळला, तर शस्त्रक्रियेचा विचार करता येतो. दुसऱ्या वेळीही काही दिसले नाही, तर व्हिडिओ ईईजी (मुलाचे चित्रण करत केलेला ईईजी) आणि पेट स्कॅन (मेंदूचा कोणता भाग किती साखर वापरतो हे दाखवणारी तपासणी) हे पुढचे मार्ग उरतात. तोवर औषधाचा एकही डोस चुकवू नये.