‘सगळं ठीक आहे’ म्हणाला की जास्त भीती वाटते

काकूंनी पिशवीतून शंभर पानी वही काढली आणि माझ्यासमोर ठेवली. आत पट्टीने रेघा मारून मुलाच्या फोनसाठी रकाने पाडले होते. तारीख, फोन लागला का, किती मिनिटं बोलला. शेवटच्या रकान्यावर लिहिलं होतं ‘आवाज’. त्याखाली एकेक शब्द होता: बसलेला, घाईत, थकलेला, आणि एका ठिकाणी ‘हसला पण खोटं’.

“मॅडम, फोन लागंना म्हणून जीव जातोय असं सगळ्यांना वाटतं,” त्या म्हणाल्या. “पण खरं सांगू का, लागला आणि तो ‘सगळं ठीक आहे आई’ म्हणाला की मला जास्त भीती वाटते.”

ही ऑगस्ट २०२३ ची गोष्ट. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. लिहायला काकूंची परवानगी आहे.) मुलगा सिव्हिल डिप्लोमा झालेला. हिमाचलच्या लाहौलमध्ये, चंद्रा नदीच्या खोऱ्यात हिमनदीतून वाहणारं पाणी मोजायचं काम. जून ते सप्टेंबर तंबूत मुक्काम, उंची चार हजार मीटरच्या आसपास, मोबाइलला रेंज नाही. त्या जुलैत ९ आणि १० तारखेला हिमाचलात पूर आला. बियास नदीने मनालीजवळ रस्ते आणि इमारती ओढून नेल्या, ते सगळं टीव्हीवर दिवसरात्र चालू होतं. मुलाचा सहा दिवस पत्ता नव्हता. सातव्या दिवशी फोन आला: “सगळं ठीक आहे.” त्यानंतर काकूंची झोप गेली ती गेलीच.

सीमेवरचा जवान, जहाजावरचा मुलगा, घाटातून रात्रीचा ट्रक चालवणारा नवरा, यांच्या घरची माणसं हीच भीती घेऊन माझ्याकडे समुपदेशनाला येतात. बहुतेकांना आधी कुणीतरी ‘काळजी करू नका’ म्हणून परत पाठवलेलं असतं. मी हे वाक्य वापरत नाही. ज्या कामात धोका आहे तिथे काळजी वाटणारच, आणि ती चूक म्हणून दाखवली की माणूस आणखी एकटा पडतो.

काकूंना मात्र मी आधी डॉक्टरांकडे पाठवलं. महिनाभर दोन-तीन तासांची झोप, छातीत धडधड, जेवण सुटलेलं, हे नुसत्या बोलण्याने निभावणारं नव्हतं. अशी लक्षणं दोन आठवड्यांच्या वर राहिली तर थांबू नये. सरकारची ‘टेलि मानस’ हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर आहे, तिथे मराठीतही बोलता येतं.

मग मी विचारलं, हसला पण खोटं, हे तुम्हाला कशावरून कळलं?

उत्तर द्यायला त्यांना वेळ लागला. पहिल्या वर्षी मुलगा घाईत उंचावर चढला होता. रात्री डोकं फुटायची वेळ आली, उलट्या, बसल्या जागी धाप. सोबत्यांनी त्याला खाली आणलं, ऑक्सिजन लावला. घरी मात्र त्याने सांगितलं, थोडी सर्दी झाली होती. दोन महिन्यांनी बहिणीला त्याच्या मोबाइलमध्ये नाकाला नळी लावलेला फोटो सापडला. फोटो बघून काकू एक शब्द बोलल्या नाहीत. त्या रात्रीपासून वही सुरू झाली.

म्हणजे दुखणं रेंजचं नव्हतं. ‘ठीक’ या शब्दावरचा विश्वास उडाला होता, आणि असा विश्वास उडाला की रोज दहा फोन आले तरी पुरत नाहीत. काकांना वाटत होतं की उपाय सोपा आहे. दुबईच्या मेहुण्याकडून सॅटेलाइट फोन मागवायचा आणि पोराच्या सॅकमध्ये टाकायचा. त्यांना मी लगेच थांबवलं. आपल्याकडे परवानगीशिवाय सॅटेलाइट फोन जवळ बाळगणं बेकायदा आहे, मुलगाच अडचणीत आला असता. शिवाय त्याच्या बेस कॅम्पवर परवान्याचा एक फोन होताच, फक्त घरच्यांना ते कुणी सांगितलं नव्हतं.

दिवाळीला मुलगा आला तेव्हा चौघांना एकत्र बसवलं. मी त्याला एवढंच म्हणाले, तुझा एक दिवस सांग, उठल्यापासून. तो सुरुवातीला माझ्याकडे बघून बोलत होता. मी खुर्ची थोडी बाजूला घेतली, मग आईकडे बघायला लागला.

सकाळी लवकर निघायचं, कारण हिमनदीचा ओढा सकाळी कमी असतो. ऊन चढलं की बर्फ वितळतं आणि दुपारनंतर पाणी वाढत जातं. म्हणून ओलांडायचं ते सकाळीच, आणि उशीर झाला तर पलीकडेच राहायचं. मग पट्टीवरची पातळी वाचायची, वहीत लिहायची, यंत्रातली नोंद उतरवून घ्यायची.

“आणि मग नदीत उतरतोस,” काकू म्हणाल्या. तीन वर्षं त्या डोळ्यांसमोर हेच चित्र घेऊन झोपत होत्या: कमरेएवढ्या बर्फाच्या पाण्यात उभा असलेला मुलगा.

“नाही आई. खळाळत्या पाण्यात मीठ टाकतो.”

“मीठ?”

“साधं मीठ. मोजून घ्यायचं, बादलीत विरघळवायचं आणि वरच्या अंगाला एकदम ओतायचं. खाली काठावर यंत्र धरून बसायचं. खारं पाणी विजेला जास्त वाट देतं, ते यंत्राला कळतं. पाणी जास्त असेल तर मीठ पातळ होतं, कमी असेल तर दाट. त्यावरून सेकंदाला किती पाणी वाहतंय ते काढायचं.”

काकूंनी क्षणभर विचार केला. “म्हणजे वरणात पाणी जास्त झालं की अळणी लागतं, तसं.”

“तसंच.”

“किती मीठ लागतं रे?”

“सेकंदाला एक घनमीटर पाणी असलं, म्हणजे साधारण ३५ क्युसेक, तर किलोभर धर.”

क्युसेक, म्हणजे सेकंदाला इतके घनफूट पाणी, म्हटल्यावर काका पहिल्यांदा पुढे सरकले. सोलापूरकराला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. पावसाळ्यात आपण सगळेच रोज दौंडचा विसर्ग, म्हणजे तिथून उजनी धरणात किती पाणी येतंय, ते विचारतो आणि उजनी मायनसमधून (मृतसाठ्यातून) प्लसमध्ये कधी येईल याचा हिशोब मांडतो. तो आकडा कुणीतरी नदीकाठी उभं राहून मोजलेला असतो, हे काकांच्या त्या दिवशी ध्यानात आलं. पुढची वीस मिनिटं ते पोराला प्रश्न विचारत होते. बाप-लेक कामावर इतकं कधी बोललेच नव्हते म्हणे.

मी मुलाला विचारलं, ऑक्सिजनचं का लपवलंस? “आईला ताण नको म्हणून.” हे बहुतेक मुलं प्रेमापोटीच करतात. पण आईला काहीतरी लपवलंय हे कळतं, काय लपवलंय तेवढं कळत नाही, आणि ती रिकामी जागा टीव्हीवरचा पूर भरून काढतो. मी त्याला एक पथ्य सांगितलं: आधी अडचण सांगायची, खुशाली मागाहून. तंबू गळाला, पाय मुरगळला, दोन दिवस नुसती खिचडी खाल्ली, जे असेल ते. काही नसेल तर ‘आज अडचण नाही’ असं म्हणायचं. ‘सगळं ठीक’ हे शब्द वर्षभर बंद.

निरोपाचंही ठरलं. दर शुक्रवारी बेसवरून बहिणीला निरोप येणार. शुक्रवार चुकला तर रविवार संध्याकाळपर्यंत त्याला उशीर म्हणायचं नाही, कारण ढग, बंद रस्ता, संपलेली बॅटरी, काहीही असू शकतं. रविवारनंतर फोन करायचा तो फक्त बहिणीने, टीमच्या प्रमुखांना. काकूंनी नातेवाइकांत फोनाफोनी करायची नाही. हे त्यांना सगळ्यात जड गेलं.

जून २०२४ मध्ये निघताना त्यांनी कडक भाकरी आणि शेंगाचटणीचा मोठा डबा भरून दिला. तिसऱ्या आठवड्यातला निरोप बहिणीने मला दाखवला: ‘डोकं दुखतंय, आज वर चढणार नाही, इथेच थांबतो. भाकरी अजून आहे.’ मला धास्ती वाटली, आता काकूंचा फोन येणार. आला नाही. चार दिवसांनी त्याच सांगत आल्या, की त्या रात्री झोप लागली. दुखलं तर थांबतो आणि सांगतो, एवढं कळलं होतं.

भीती गेली असं मी म्हणणार नाही. ५ ऑगस्ट २०२५ ला, मंगळवारी, उत्तराखंडात धराली गाव चिखल-दगडांखाली गेलं, तेव्हा रात्री काकूंचा फोन आला. आवाज कापत होता. नकाशा पुढ्यात घेऊन बसल्या होत्या. धराली भागीरथीच्या खोऱ्यात, मुलगा चंद्रेच्या, हे त्यांनी स्वतःच मला सांगितलं. मग तिथल्या लोकांसाठी बराच वेळ रडल्या. मी काही बोलले नाही, ऐकत राहिले.

“शुक्रवारला अजून तीन दिवस आहेत मॅडम,” शेवटी त्या म्हणाल्या. “मी थांबते. टीव्ही बंद केलाय.”