नैराश्य म्हणजे मेंदूत नव्या पेशी न होणं का?

तुमचे प्रश्न दोन आहेत: मेंदूत नव्या पेशी होत नाहीत म्हणून नैराश्य येतं का, आणि गोळ्यांनी त्या वाढत असतील तर गोळ्या कायमच्या मागे लागतात का. मी डॉक्टर नाही, कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो. आईच्या आजारपणामुळे हा विषय घरातच आला.

दहा गोळ्यांची पहिली स्ट्रिप संपली त्या दिवशी आईने ती माझ्यापुढे ठेवली. दहाही खळगे चेपलेले. "काडीचा फरक नाही, आता बंद करते." तीन-चार आठवडे लागतील असं डॉक्टर म्हणाले होते, पण का लागतील ते आम्ही विचारलंच नव्हतं. नव्या पेशींचं संशोधन मला आपलं वाटलं ते इथेच.

मेंदूत निरोप पोचवणाऱ्या सेरोटोनिन या रसायनावरचा गोळीचा परिणाम काही तासांतच सुरू होतो. मग मन हलकं व्हायला आठवडे का? 2000 साली येल विद्यापीठात रोनाल्ड डुमन यांच्या गटाला दिसलं की, उंदरांना ही औषधं काही आठवडे दिली तर हिप्पोकॅम्पस या मेंदूतल्या, आठवणींशी जोडलेल्या भागात नव्या पेशी वाढतात, चार-पाच दिवसांत नाही. त्या पेशी पिकून इतरांशी जोडल्या जायलाही आठवडे जातात. हिशेब जुळत होता.

2003 मध्ये कोलंबिया विद्यापीठात रेने हेन यांच्या गटाने पुढचा प्रयोग केला. भुकेल्या उंदराला अनोळखी, उजेडाच्या जागेत सोडायचं आणि खाणं मधोमध ठेवायचं. घाबरलेला उंदीर कडेकडेने फिरत राहतो. काही आठवडे फ्लुओक्सेटिन हे नैराश्यावरचं औषध मिळालेला उंदीर लवकर मध्ये येऊन खातो. पण क्ष-किरणांनी हिप्पोकॅम्पसमधल्या नव्या पेशी थांबवल्या, तर औषधाचा हा गुण येईना.

मात्र, नुसत्या नव्या पेशी थांबवल्या म्हणून ते उंदीर जास्त घाबरट झाले नाहीत. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मला यातच दिसतं. पेशी न होणं हे आजाराचं मूळ आहे असं म्हणता येत नाही, औषधाचा गुण येण्यात त्यांचा वाटा असू शकतो. आणि केटामाइन या भुलीच्या औषधाने काहींना काही तासांतच बरं वाटतं, म्हणजे सगळंच या पेशींवर अवलंबून नाही.

माणसात मोठेपणी अशा नव्या पेशी होतात का, हे भांडण तर अजून मिटलेलं नाही. 2013 मध्ये स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी अणुचाचण्यांतून हवेत आलेल्या कार्बनवरून पेशींचं वय काढलं आणि प्रत्येक बाजूच्या हिप्पोकॅम्पसमध्ये रोज सुमारे 700 नव्या पेशी होतात असं मांडलं. 2018 मध्ये दोन शोधनिबंध महिनाभराच्या अंतराने आले: एक म्हणे प्रौढांत नव्या पेशी सापडतच नाहीत, दुसरा म्हणे म्हातारपणीही होतात.

गोळ्या कायम लागतात असं नाही. पहिल्यांदाच आजार आला असेल तर बरं वाटू लागल्यावरही साधारण सहा महिने तरी चालू ठेवतात. कृपा करून मनाने बंद करू नका, एकदम तर नाहीच. आईला पाचव्या आठवड्यात झोप लागू लागली. पुढे वर्षभराने डॉक्टरांनी डोस हळूहळू उतरवत तिची गोळी थांबवली.