वाचकांचे प्रश्न: पणजोबांचं घड्याळ मेसोपोटेमियातलं आहे का?

प्रश्न: आमच्या घरी पणजोबांचं एक मनगटी घड्याळ आहे. डायलवर वेस्ट एंड वॉच कंपनी, सोवार प्राइमा असं लिहिलंय आणि खाली १७ ज्वेल्स, इन्काब्लॉक. पणजोबा पहिल्या महायुद्धात मराठा पलटणीतून मेसोपोटेमियाला, म्हणजे आजच्या इराकला, गेले होते, तेव्हा हे त्यांच्या हातात होतं असं घरात सगळे सांगतात. चावी दिली की चालतं, पण दिवसाला दहा मिनिटं मागे पडतं. झाकण उघडून काढलेले फोटो पाठवतोय. घड्याळ तेव्हाचं आहे का? आणि डायल डागाळलीय, ती नवीन करून घेऊ का?
– एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर: फोटो मी तीनतीनदा बघितले, कारण असं पत्र आलं की मलाही वाटत असतं की घरचं सांगणं खरं निघावं. घड्याळ अस्सल आहे, ते मनापासून जपा. पण पहिल्या महायुद्धातलं ते नाही.

आता असं बघा, घरातली गोष्ट अगदीच हवेतली नाहीये. वेस्ट एंड कंपनी स्विस, पण तिचं नाव झालं ते आपल्याकडे, मुंबई आणि कलकत्ता अशी गावांची नावंच जुन्या डायलवर असायची. सोवार म्हणजे आपला स्वार, घोडेस्वार, फौजेतलं गिऱ्हाईक डोळ्यासमोर ठेवूनच दिलेलं नाव, आणि त्या युद्धात हिंदी फौजेत यांची घड्याळं होतीही. पण तुमच्या डायलवरचा तो एक शब्द, इन्काब्लॉक, तिथेच सगळं अडतं. बॅलन्स व्हील, म्हणजे घड्याळाची चाल सांभाळणारं मागेपुढे फिरणारं चाक, ज्या आसावर फिरतं त्याची टोकं केसाएवढी बारीक असतात, पूर्वी घड्याळ हातातून पडलं की ती मोडायची आणि घड्याळ कायमचं बसायचं. इन्काब्लॉकमध्ये टोकाजवळचा खडा, म्हणजे ज्वेल, एका छोट्या स्प्रिंगने धरलेला असतो, धक्का बसला की खडा जरासा सरकतो आणि परत जागेवर येतो. तुमच्या तिसऱ्या फोटोत बॅलन्सच्या बरोबर मधे, दोन शिंगं आत वळवल्यासारखी इवलीशी सोनेरी स्प्रिंग दिसतेय ना, तीच ती. ही युक्ती आली १९३४ साली. मेसोपोटेमियातलं कुत-अल-अमारा तुर्कांच्या वेढ्यानंतर पडलं २९ एप्रिल १९१६ ला, त्या वेढ्यात ११० वी मराठा पलटण होती. म्हणजे मधे अठरा वर्षांचा फरक पडतो.

शिवाय त्या काळातलं मनगटी घड्याळ दिसायलाच वेगळं. बहुतेक वेळा चांदीची केस, म्हणजे बाहेरची डबी, पट्टा अडकवायला तारेच्या कड्या डाक देऊन जोडलेल्या, पांढरी मिन्याची डायल आणि ६ च्या जागी सेकंदाची छोटी वेगळी तबकडी. तुमचा सेकंद काटा मधोमध आहे आणि केस स्टीलची.

मला सगळ्यात आवडला तो झाकणाच्या आतल्या बाजूचा फोटो. कडेला सुईने कोरल्यासारखं काहीतरी आहे, मोठं करून बघितलं तर १२-७-५८ आणि पुढे एक खूण. घड्याळजी लोक सर्व्हिसिंग केलं की झाकणात अशी तारीख आणि आपली खूण ओढून ठेवायचे, म्हणजे घड्याळ परत आलं तर मागचं काम कधी केलं ते कळतं. म्हणजे जुलै १९५८ ला हे घड्याळ कुणीतरी दुरुस्तीला नेलं होतं एवढं पक्कं. तेव्हा घरात ते कोण घालत होतं, पणजोबा स्वतः की आजोबा, हे घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला आत्ताच विचारून लिहून ठेवा. आणि ट्रंकेत पणजोबांचं मेडल असेल तर त्याची कड भिंगाखाली धरा, पहिल्या महायुद्धाच्या मेडलांच्या कडेवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. मेसोपोटेमियाचा माग काढायचा तर घड्याळापेक्षा त्या मेडलवरून जास्त लागेल.

डायल मात्र नवीन करू नका, हात जोडून सांगतो. ६ च्या खाली अगदी कडेला स्विस मेड अशी बारीक अक्षरं आहेत ती अजून रेखीव आहेत, रंगवून घेतली की तीच पहिली बिघडतात, कधी कधी परत लिहायचीच राहून जातात. डाग हे वयाचे आहेत, राहू देत. दहा मिनिटं मागे पडतंय ते बहुधा आतलं तेल सुकल्यामुळे, आणि अशा सुकलेल्या अवस्थेत रोज चालवलं तर मशीन झिजतं, म्हणून आधी सर्व्हिसिंग, मग वापर. घड्याळजीला देतानाच सांगा की केसला पॉलिश नको, डायल पुसायची नाही आणि एखादा पार्ट बदललाच तर जुना परत द्या.

प्रश्न: ऑनलाइन एचएमटी पायलट घेतलं, १६०० रुपयांना. केशरी डायल, एकदम कोरी. विकणारा म्हणतो सत्तरच्या दशकातला न वापरलेला पीस आहे. ओरिजिनल आहे का?
– एक वाचक, पुणे

उत्तर: मशीन एचएमटीचंच आहे, ०२३१ नंबर फोटोत स्वच्छ दिसतोय, चावीचं १७ ज्वेलचं. एचएमटीने घड्याळं १९६१ पासून बंगळूरला जपानच्या सिटिझनच्या मदतीने बनवायला घेतली, तुमच्या डायलवरचा पॅराशॉक हा शब्दही सिटिझनकडचाच, त्यांची धक्का सोसायची पद्धत. पण त्या काळातलं पायलट म्हणजे काळी डायल आणि पांढरे आकडे. इतकी भडक केशरी डायल मागाहून रंगवलेली आहे. स्वतः बघायचं तर दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या आणि एचएमटीच्या अक्षरांच्या कडा बघा, शाई पसरल्यासारखी दिसते, मिनिटांच्या रेघा कुठे जाड कुठे बारीक. केसच्या मागे ओरखडे आणि डायल मात्र कोरी, हेही जमत नाही, घड्याळाचे सगळे भाग बरोबरच म्हातारे होतात. २०१६ साली सरकारने एचएमटीचा घड्याळांचा कारखाना बंद करायचं ठरवलं, लोकांना जुन्या घड्याळांची ओढ लागली आणि असे रंगीत पीस बाजारात भरपूर आले. परत करता येत असेल तर करा, नसेल तर रोज घाला, मशीन दणकट आहे, फक्त पुढे कुणाला ओरिजिनल म्हणून विकू नका.

प्रश्न: वडिलांच्या जुन्या घड्याळाचे आकडे आता अंधारात चमकत नाहीत. रेडियम संपलं का? खरवडून नवीन भरू का?
– एक वाचक, नागपूर

उत्तर: अजिबात खरवडू नका. खरंच रेडियम असेल तर ते संपलेलं नाही, अर्धं व्हायलाच त्याला सुमारे १६०० वर्षं लागतात. दमलेला आहे तो त्यात मिसळलेला पदार्थ, झिंक सल्फाइड, चमकायचं काम तो करतो. खरवडलं की भुकटी उडते आणि ती श्वासातून आत जाणं फार वाईट. काच घरी काढू नका, आकड्यांचे कण सुटलेले दिसले तर घड्याळ डबीत बंद करून मुलांपासून लांब ठेवा, आणि दुरुस्तीला दिलंत तर घड्याळजीला रेडियम असेल हे झाकण उघडायच्या आधी सांगा.