रेशीची पावडर खरी आहे का हे लॅबमध्ये कसं तपासतात?

पणजीतून रेशीची (औषधी म्हणून विकलं जाणारं एक मशरूम) पावडर घेतलीय म्हणता, तर ती नुसती बघून कळणार नाही, पावसात फोंड्याच्या रस्त्यावर अळमी (रानटी मशरूम) बघून घेतो तसं इथे चालत नाही. पावडरच असेल तर डीएनए बारकोडिंग (डीएनएवरून जात ओळखणं) करतात, बुरशीसाठी डीएनएचा आयटीएस नावाचा तुकडा वाचतात, पण एक्स्ट्रॅक्ट (उकळून काढलेला अर्क) असेल तर उकळताना डीएनएची वाट लागलेली असते, मग एचपीटीएलसी किंवा एचपीएलसीवर (मिश्रणातले घटक वेगळे करून दाखवणाऱ्या चाचण्या) रेशीत असणारी गॅनोडेरिक अ‍ॅसिडं दिसतात का ते बघायचं.

खरी गंमत पॉलिसॅकराइडच्या (साखरेच्या लांब साखळ्यांच्या) आकड्यात आहे. लेबलवर ५०% लिहिलं म्हणून खूश होऊ नका, कारण धान्यावर वाढवलेलं मायसेलियम (बुरशीचे धागे) धान्यासकट दळलं की त्यातला स्टार्चपण याच आकड्यात मोजला जातो (स्टार्च म्हणजे अल्फा-ग्लुकन), म्हणून एन्झाइम वापरून एकूण ग्लुकन आणि अल्फा-ग्लुकन वेगवेगळे मोजतात, वजाबाकी केली की बीटा-ग्लुकन, म्हणजे मशरूमचं स्वतःचं पॉलिसॅकराइड. रिपोर्टात हे दोन्ही आकडे नसतील तर मी तरी घेणार नाही.

घरी आयोडीनचा थेंब टाकून बघा, गडद निळं-काळं झालं तर स्टार्च भरपूर. शिवाय मशरूम जड धातू शोषून घेतात, त्यामुळे शिसं, कॅडमियमचा आयसीपी-एमएस (अगदी थोडे धातूही मोजणारी चाचणी) रिपोर्टपण विक्रेत्याकडे मागा.