अमेरिकेत रेल्वे सिग्नलचा अर्थ कंपनीगणिक बदलतो का? मग ड्रायव्हर गोंधळत नाहीत?

हो, बदलतो. पण एका कंपनीचा लाल म्हणजे दुसरीचा हिरवा, इतकं टोकाचं प्रकरण नाही. तिथल्या केंद्रीय नियमांनी पाया बांधून दिलाय: लाल म्हणजे थांबा, पिवळा म्हणजे वेग आवरा, कदाचित थांबावं लागेल, हिरवा म्हणजे ठरलेल्या वेगाने चला. खरी गंमत लुकलुकणाऱ्या दिव्यांत आणि एकाखाली एक लावलेल्या दिव्यांच्या जोड्यांत आहे.

एकटा लुकलुकणारा पिवळा घ्या. युनियन पॅसिफिक या पश्चिमेतल्या मोठ्या मालवाहू कंपनीच्या रुळांवर तो ‘अ‍ॅडव्हान्स अप्रोच’, म्हणजे इथून पुढच्या दुसऱ्या सिग्नलला थांबायच्या तयारीने चला. तिची स्पर्धक बीएनएसएफ, तिच्यावर तोच ‘अप्रोच मीडियम’: पुढचा सिग्नल ताशी 40 मैलांच्या आत ओलांडा, तिथे गाडी बाजूच्या लाइनीवर वळू शकते. दोघींचं नियमपुस्तक एकच, जीसीओआर (जनरल कोड ऑफ ऑपरेटिंग रूल्स). सिग्नलांचे अर्थ मात्र प्रत्येक कंपनी आपल्या विशेष सूचनांतून देते.

मला स्वतःला पूर्व-पश्चिमेतला फरक जास्त आवडतो. समजा वर लाल आणि खाली हिरवा आहे. आपल्याकडच्या माणसाला प्रश्न पडेल, थांबू की जाऊ? पूर्व असो की पश्चिम, गाडी जाते. पश्चिमेत हा ‘डायव्हर्जिंग क्लिअर’: सांधा बाजूच्या लाइनीला लागलाय, त्यावरून किती वेगाने जायचं ते ड्रायव्हरला आधीच माहीत हवं. अमेरिकेच्या ईशान्येत अ‍ॅमट्रॅक ही प्रवासी रेल्वे कंपनी वगैरे नोरॅक या सामाईक नियमपुस्तकावर चालतात, तिथे हाच ‘मीडियम क्लिअर’: सांध्यांवरून ताशी 30 मैल. कुठल्या लाइनीवर वळणार, हे सिग्नल सांगतच नाही. एक पद्धत वाट सांगते, दुसरी वेग.

जुन्या पेनसिल्व्हेनिया रेलरोडने तर रंगांचा नादच सोडला होता. तिच्या सिग्नलांत पिवळसर दिव्यांची ओळ असे: उभी म्हणजे जा, तिरकी म्हणजे सावध, आडवी म्हणजे थांबा. केंद्रीय नियमांत या ओळींचा उल्लेख आजही आहे.

हे सगळं असं का? कारण रूळ, सिग्नल, देखभाल बहुतेक सगळं खाजगी कंपन्यांचं, आणि प्रत्येकीने आपली पद्धत वेगवेगळ्या काळात उभी केली. आपल्याकडे रेल्वे बोर्डाचे जनरल रूल्स आहेत, त्यामुळे डबल यलो कल्याणला जो, तोच हावड्याला. कॅनडातही खाजगी कंपन्याच आहेत, तरी नियमपुस्तक देशभर एक. म्हणजे नुसत्या खाजगी मालकीवर खापर फोडता येत नाही.

आता गोंधळाचं. ज्याचे रूळ त्याचे नियम. कॅलिफोर्नियात बेकर्सफील्डहून तेहाचापी घाट चढणाऱ्या बीएनएसएफच्या मालगाड्या युनियन पॅसिफिकच्या रुळांवरून जातात, तेव्हा त्यांच्या ड्रायव्हरला यजमान कंपनीचे सिग्नल पाठ असावे लागतात. त्या मार्गाची पात्रता मिळवल्याशिवाय कुणाला एकट्याने गाडी नेता येत नाही.

शिवाय 2008 मध्ये कॅलिफोर्नियातल्या चॅट्सवर्थला लोकल गाडी लाल सिग्नल ओलांडून मालगाडीवर आदळली, 25 माणसं गेली. त्याच वर्षी कायदा झाला आणि 2020 अखेर ठरवून दिलेल्या सगळ्या मार्गांवर ‘पीटीसी’ (पॉझिटिव्ह ट्रेन कंट्रोल) ही यंत्रणा बसली. ड्रायव्हरने वेळेत वेग कमी केला नाही तर ती स्वतः ब्रेक लावते, आणि एका कंपनीचं इंजिन दुसरीच्या रुळांवर असलं तरी चालते.