दातांची मुळं उघडी पडली, त्यासाठी ७८ हजार काढावे का?

प्रश्न थोडक्यात असा. दारव्हा तालुक्यातले एक कास्तकार भाऊ, वय ४६, साडेपाच एकर, कापूस आणि तूर. खालचे समोरचे दात आणि डावीकडच्या दाढा यांची मुळं उघडी पडली आहेत, गार पाणी लागलं की कळ जाते. वहिनी अंगणवाडी सेविका, त्यांच्या वरच्या सुळ्यांजवळची हिरडीही वर सरकली आहे. जिल्ह्याच्या गावी एका क्लिनिकमध्ये दोघांचं मिळून १३ दातांचं हिरडीचं ऑपरेशन सांगितलं, दाताला ६,००० म्हणजे ७८,०००, महिनाअखेरपर्यंत भरले तर सूट, नाहीतर १२ महिन्यांची ईएमआय. खात्यात कापसाचे १,४०,००० आहेत, त्यातून सोसायटीचं ९०,००० पीककर्ज मार्चअखेर भरायचं आहे. विचारतात की कर्ज थोडं पुढं ढकलू, की ईएमआय करू, की घरचे म्हणतात तसे दातच काढून टाकू.

नमस्कार भाऊ,

सरळच सांगतो, या महिन्यात ७८,००० भरू नका, कर्ज पुढं ढकलू नका आणि दात तर अजिबात काढू नका. दातांवर पैसे नक्की खर्च करा, पण आधी कशावर आणि नंतर कशावर हा क्रम बदलायचा आहे. ऑपरेशन करायचं की नाही हे दातांचे डॉक्टरच ठरवतील, मी पैशाच्या बाजूनं बोलतो, पण पैशाची बाजू समजायला आजार थोडा समजावाच लागतो.

दाताच्या वरच्या भागावर इनॅमलचं कडक कवच असतं, मुळावर ते नसतं, तिथं एक पातळ मऊ थर असतो आणि त्याला हिरडी झाकून ठेवते, हिरडी सरकली की तो थर उघडा पडतो, लवकर झिजतो, म्हणून गार-गरम-आंबट लागलं की झणकन जातं आणि तिथं कीडही लवकर धरते. आणि सरकलेली हिरडी आपोआप परत येत नाही, कोणतं मंजन, कोणतं तेल लावलं तरी येत नाही. आपल्या हातात हे आहे की आहे तिथं थांबवायचं. म्हणून पैसे काढायच्या आधी पहिला प्रश्न हा की ती सरकून कशानं राहिली, आणि ते कारण अजून चालू आहे की बंद झालं.

तुमच्या घरात दोन माणसांची दोन वेगळी कारणं दिसतात आणि क्लिनिकनं दोघांना एकाच पॅकेजमध्ये बांधलं, माझी मुख्य हरकत इथंच आहे.

वहिनींचं आधी पाहू. तुम्ही लिहिलं की त्या खर्रा (सुपारी-तंबाखू-चुना घोटून केलेला), तंबाखू काही खात नाहीत, मिस्री लावत नाहीत, हिरडीतून रक्त येत नाही, पण कडक ब्रश आडवा घासायची सवय आहे आणि सुळ्याच्या मुळाशी नखाला खाच लागते. हे वर्णन जोरात घासण्याचं आहे, ब्रशनं हिरडी मागं लोटली आणि मुळावर खाच पाडली. अशा ठिकाणी दोन दातांच्या मधलं हाड आणि मधली हिरडी शाबूत असते, आणि ती शाबूत असेल तर टाळूची पातळ पट्टी घेऊन मूळ झाकायचं जे ऑपरेशन असतं, ज्याला ग्राफ्ट म्हणतात, ते चांगलं बसतं, कधी कधी पूर्ण झाकलं जातं. म्हणजे उद्या पैसे लावायचेच ठरले तर ते वहिनींच्या दातांवर वसूल व्हायची शक्यता जास्त. पण त्यांना आजच ऑपरेशनची गरज आहे का? तुमच्याच लिहिण्यावरून वहिनींना त्रास कमी आहे, फक्त गार लागतं. मग आधी मऊ ब्रश, हलका हात, ब्रश हिरडीकडं तिरपा धरून लहान लहान फिरवायचा, सेन्सिटिव्हिटीची पेस्ट दोन वेळा, तिचा फरक दिसायला दोन-चार आठवडे लागतात म्हणून आठ दिवसांत सोडून द्यायची नाही. खाच खोल असेल तर डॉक्टर त्यात दातरंगाचं सिमेंट भरतात, ऑपरेशनच्या मानानं ते बरंच स्वस्त पडतं. त्यांचे ५ दातांचे ३०,००० इथंच थांबतात, आणि थांबून काही बिघडत नाही, फक्त घासणं सुधारलं पाहिजे.

आता तुमचं. दिवसाला पाच खर्रे, तेही खालच्या ओठात आणि डाव्या गालात धरून, आणि मुळं उघडी कुठं पडली तर खालचे समोरचे दात आणि डावीकडच्या दाढा. भाऊ, जिथं खर्रा धरला तिथंच हिरडी गेली. सोबत तुम्ही म्हणता रक्त येतं, तोंडाला वास येतो, दातांच्या मधे काळ्या फटी दिसतात. फटी दिसायला लागल्या म्हणजे मधलं हाडही उतरलं असण्याची शक्यता मोठी, आणि हाड उतरलं असेल तर ग्राफ्ट करूनही मूळ पूर्ण झाकलं जात नाही, थोडंफार झाकतं किंवा झाकतच नाही. त्यात तंबाखू चालू असेल तर जखम नीट भरत नाही. धुरा (बांध) फुटलेल्या वावरात खताच्या गोण्या टाकल्यासारखं होईल ते, पहिल्या पावसात ४८,००० वाहून जातील. तुमच्या आठ दातांचं ऑपरेशन आज करू नका असं मी म्हणतो ते या कारणानं, तुमच्या दातांची किंमत कमी आहे म्हणून नाही.

तुमचे पहिले पैसे कशावर जावे ते सांगतो. एक, पूर्ण तपासणी, त्यात डॉक्टर एक बारीक खुणांची सळई हिरडी आणि दाताच्या मधे घालून खोली मोजतात, १ ते ३ मिलिमीटर ठीक, ४ किंवा जास्त झालं की तिथं कप्पा झाला आणि आत घाण बसते. हे आकडे दातागणिक लिहून मागा, एक्स-रे सोबत. दुसरं, हिरडीच्या आतपर्यंतची साफसफाई, म्हणजे मुळाला चिकटलेला दगडासारखा थर खरवडून काढणं. आपल्याकडे लोक म्हणतात साफ केल्यानं दात हलायला लागतात, तर तसं नसतं, साफ केल्यावर सुजलेली हिरडी बसते, दात थोडे लांब दिसतात, काही दिवस जास्त झणझणतात, आणि आधीच सुटलेला दात त्या थराच्या आधारानं उभा होता हे तेव्हा कळतं. घाबरून मधेच सोडू नका. तिसरं, शुगर तपासा, कारण शुगर वाढलेली असली तर हिरडीचा आजार आटोक्यात येत नाही आणि हिरडीचा आजार शुगरही वाढवतो. चौथं, आणि हे पैशाचं नाही तर जिवाचं आहे, तुमची तीन बोटं उभी तोंडात जातात का ते आरशासमोर पाहा, जात नसतील किंवा आत पांढरा चट्टा असेल, दोन आठवड्यांत न भरलेली जखम असेल, तर दातांचा विषय बाजूला ठेवून आधी ते दाखवा, उद्या नाही, याच आठवड्यात.

साफसफाईनंतर दोनेक महिन्यांनी परत मोजमाप होतं. ऑपरेशनचा निर्णय खरा तेव्हा घेता येतो, आज नाही. तेव्हा काही दात त्या लायक निघतील, काही निघणार नाहीत, आणि आठांपैकी कदाचित तीनच उरतील.

आता खर्रा. तुमच्याकडे २० रुपयाला एक म्हणता, म्हणजे दिवसाला १००, महिन्याला ३,०००, वर्षाला ३६,५००. हे मी तुम्हाला लाजवायला लिहून नाही राहिलो, घरच्या हिशोबात हा सगळ्यात मोठा खर्च आहे जो कुठं लिहिलेलाच नाही. सोडणं अवघड आहे हे मलाही माहीत आहे, वावरात दुपारी हात चालायला तोच लागतो अशी सवय झालेली असते, त्यामुळं एकट्यानं जिरवू नका, तंबाखू सोडण्यासाठी सरकारचा फुकट नंबर आहे १८००-११-२३५६, तिथं बोला, वहिनींना सांगून ठेवा. आणि ज्या दिवसापासून कमी झाला त्या दिवसापासून तेवढे पैसे बँकेत आरडीत टाका, १२ महिन्यांचे ३,००० प्रमाणे ३६,००० आणि वरून व्याज. वर्षभरानं ज्या दातांना ऑपरेशन लागेल त्यांचा पैसा तिथूनच येईल, कापसाच्या पैशाला हात लागणार नाही.

पीककर्जाचं म्हणाल तर त्यात अजिबात खेळू नका. ३ लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत भरलं की केंद्राची सवलत आणि आपल्या राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना मिळून व्याज शून्यावर येतं. मुदत हुकली की ती सवलत गेली, व्याज लागलं आणि जूनमध्ये नवीन कर्ज घ्यायला जाल तेव्हा जुनं थकीत दिसेल, मग बियाणं-खतासाठी सावकाराच्या दारात उभं राहावं लागेल. पुढं कर्जमाफी होईल म्हणून थांबतो, असंही ठरवू नका. ९०,००० आधी भरा, पावती घ्या.

ईएमआय ६,५०० ची. वरून प्रोसेसिंग फी १,५०० आणि तिच्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १,७७०, हे तुम्हीच लिहिलं. व्याज नाही म्हणतात ते धरून चालू, पण हप्ता दर महिन्याला येतो आणि कास्तकाराचा पैसा दर महिन्याला येत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये निंदण-डवरणी-फवारणीत हात रिकामा असतो, वहिनींच्या मानधनातून ६,५०० गेले तर घर कशावर चालवाल? हप्ता हुकला की दंड लागतो आणि सिबिल, म्हणजे कर्जफेडीची पत, खराब होतं. महिनाअखेरच्या सवलतीची घाई तर सोडूनच द्या, वर्षानुवर्षं सरकलेली हिरडी पंधरा दिवसांत आणखी सरकणार नाही.

कर्ज भरून ५०,००० उरतात. त्यातले ३५,००० हंगाम आणि घराला ठेवा, १५,००० दातांसाठी वेगळे काढा आणि त्याच्या वर जाऊ नका. एवढे पैसे पुरले पाहिजेत म्हणून डेंटल कॉलेजला जा, नागपूरचं शासकीय दंत महाविद्यालय आहे, वर्ध्याजवळ सावंगी मेघेचं आहे, अमरावतीलाही आहे. तिथं हिरड्यांचा वेगळा विभाग असतो, शिकाऊ डॉक्टर प्राध्यापकांच्या देखरेखीत काम करतात, खर्च खाजगीपेक्षा बराच कमी येतो, मात्र वेळ जास्त लागतो आणि चकरा होतात. चकरांचे पैसे हिशोबात धरा, एसटीचं तिकीट (वहिनींना अर्धं), बुडालेला दिवस, बाहेरचं खाणं. तरीही मला ते परवडतं वाटतं, फेब्रुवारी-मार्चमध्ये तुमच्या मागं काम कमी असतं म्हणून साफसफाई तेव्हाच उरकून घ्या. महात्मा फुले योजनेत किंवा साध्या मेडिक्लेममध्ये हे बसेल असं धरून चालू नका, दवाखान्यात योजनेची माहिती देणारा आरोग्यमित्र असतो, त्याला विचारून पाहा, हो म्हणाले तर वरचा फायदा.

राहिलं दात काढून कवळी. काढायला स्वस्त, म्हणून घरचे म्हणतात. पण दात गेला की तिथलं हाड झिजत जातं, खालची कवळी काही वर्षांत ढिली होते, परत करावी लागते, ४६ व्या वर्षी अजून किती वर्षं खायचं आहे ते पाहा. जो दात खरोखर हलतो आणि डॉक्टर एक्स-रे दाखवून वाचत नाही म्हणतात तेवढाच काढायचा, बाकीचे उघड्या मुळासकट पुष्कळ वर्षं काम देतात, स्वच्छ ठेवले तर.

त्या क्लिनिकला जाऊन एवढंच म्हणा की प्रत्येक दाताचा वेगळा कागद द्या, मोजमाप, कारण, काम आणि दर. देतील तर चांगलेच डॉक्टर असतील, पुढं काम त्यांच्याकडेही करता येईल. तो कागद आणि दुसऱ्या ठिकाणची मोजणी दोन्ही मला पाठवा, शुगरचा रिपोर्टही, मग कोणत्या दाताला पैसे ठेवायचे ते आपण बसून ठरवू.