घोटा मुरगळलेला असताना कड्यांजवळून जाणारी एका दिवसाची वाट कशी निवडावी?

घोटा मुरगळून काही आठवडे झालेत, सपाटीवर नीट चालता येतं आणि आता कडे जवळून बघायचेत, असं तुम्ही म्हणताय. ओढ समजते. पण आधी घरीच बघा: दुखऱ्या पायावर तोल सांभाळून उभं राहता येतं का? जिना उतरताना कळ येते का? येत असेल तर अजून थांबाच.

येत नसेल, तरी कड्याच्या थेट पायथ्याची वाट नको. तिथे वरून निखळलेल्या दगडांचा खच असतो, सुटे दगड पायाखाली सरकतात आणि दुखावलेला घोटा पुन्हा वळतो. दरीच्या पलीकडून, समोरून जाणारी वाट शोधा. खरं सांगायचं तर कडा तिथूनच पूर्ण नजरेत मावतो.

नकाशावर वाट समोच्च रेषांना (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांना) समांतर जात असेल तर उत्तम. वाट या रेषा भराभर ओलांडत असेल तर चढ-उतार खडा आहे. गोल फेरीपेक्षा गेल्या वाटेनेच परतणारी वाट घ्या, म्हणजे दुखू लागताच मागे फिरता येतं. पण निम्मी ताकद परतीसाठी राखा, उतारावरच घोट्याची खरी कसोटी लागते.

डोंगरात चालायला किती वेळ लागेल, याचा स्कॉटिश गिर्यारोहक नेस्मिथचा १८९२ सालचा ठोकताळा आहे: ५ किलोमीटरला एक तास, शिवाय दर ६०० मीटर चढाईला आणखी एक. तो धडधाकट माणसाचा. तुम्ही दुप्पट वेळ धरा.

काठी एकच असेल तर दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरा.